जुन्या लष्करी रायफलीचे जतन: काय काढावे आणि काय राहू द्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री या नावाने सर्वांना ठाऊक असलेली रायफल, रीतसर परवान्यासह आपल्या संग्रहात आली आहे. लाकूड काळवंडलेले आणि हाताला चिकट लागणारे आहे, दस्त्यावर पोचे आहेत, पुढच्या लाकडाला मागच्या टोकाशी बारीक चीर दिसते आणि नळीवर व नोजकॅपवर (नळीच्या तोंडाजवळच्या धातूच्या टोपणावर) तांबूस गंज धरला आहे. लाकूड घासून नवे पॉलिश द्यावे आणि लोखंडाला पुन्हा ब्लूइंग (निळसर काळा संरक्षक थर) करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, आपण वर्णन केलेल्या अवस्थेत यांपैकी एकही गोष्ट करू नये. चीर मात्र बुजवावी, गंज थांबवावा आणि लाकडाला तेल द्यावे. जतन, दुरुस्ती आणि नवा साज ही तीन निरनिराळी कामे आहेत. जतनात आहे ते टिकवायचे असते, दुरुस्तीत मोडलेले जोडायचे असते, आणि नव्या साजात जुना पृष्ठभाग काढून टाकून त्या जागी दुसरा आणायचा असतो. पहिल्या दोन कामांनंतरही रायफल तीच राहते. तिसऱ्या कामात मात्र तिच्या अंगावरचा पुरावा कायमचा जातो, आणि तो परत आणण्याची कोणतीही युक्ती अस्तित्वात नाही. नव्या साजाला मी सरसकट विरोध करत नाही. आधीच्या मालकाने लाकडावर चकचकीत व्हार्निश चढवले असेल, नळी क्रोम करून घेतली असेल किंवा शिकारीसाठी पुढचे लाकूड कापून टाकले असेल, तर मूळ पृष्ठभाग आधीच गेलेला असतो आणि तेथे योग्य अभ्यासाने केलेला नवा साज हे चांगलेच काम ठरते. आपल्या रायफलीवर असे काही झालेले दिसत नाही.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, रायफल रिकामी आहे याची खात्री: मॅगझिन काढावे, बोल्ट (चेंबर बंद करणारी सरकती दांडी) मागे ओढून काढून घ्यावा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, डोळ्याने पाहावे आणि बोटानेही चाचपावे, आणि कामाच्या मेजावर किंवा त्या खोलीत एकही काडतूस ठेवू नये. दुसरी, कायदा: शस्त्राच्या मालकीचे, दुरुस्तीचे आणि वाहतुकीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, तेव्हा कोणते काम मालकाने करावे आणि कोणते परवानाधारक कारागिराकडेच द्यावे हे आधी लेखी स्वरूपात जाणून घ्यावे. अनुक्रमांक पुसट होईल अशी कोणतीही घासाई करू नये. बहुतेक देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे. रायफल निकामी करून प्रमाणित केलेली असेल, तर त्या निकामीकरणाच्या खुणांना स्पर्शही करू नये.

यानंतरचे काम रायफल वाचण्याचे आहे आणि त्याला घाई चालत नाही. चांगल्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, प्रत्येक शिक्क्याचे छायाचित्र घ्यावे. बटसॉकेटवर, म्हणजे दस्ता जेथे बसतो त्या पोलादी भागाच्या उजव्या बाजूवर, राजमुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना कोरलेला असतो. मार्क ३ हा नमुना १९०७ साली स्वीकारला गेला. युद्धाच्या घाईत मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसे रोखून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची व्हॉली साइट (दूरवर नेम धरण्याचे साधन) गाळून तो सोपा करण्यात आला आणि १९१६ पासून तो मार्क ३ तारांकित या नावाने अधिकृत झाला. अनुक्रमांक केवळ मुख्य अंगावर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी भागावर, नसतो. बोल्टच्या दांडीवर, नळीवर, नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पानावर आणि पुढच्या लाकडाच्या टोकाशी खालच्या बाजूलाही तो असू शकतो. हे सगळे क्रमांक जुळत असतील तर आपल्या हाती असलेली वस्तू फार दुर्मीळ आहे. जुळत नसतील तर तेही वाईट नाही, कारण या रायफली लष्करी कार्यशाळांमधून वारंवार दुरुस्त होत राहिल्या आणि त्या दुरुस्तीचीही स्वतःची एक नोंद त्यांच्यावर उमटत गेली.

ही नोंद ओळखता आली नाही की संग्राहक तिला दोष समजतो आणि काढून टाकतो. बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यातून गेलेल्या अनेक रायफलींच्या पुढच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू दिसतो. तो लाकूड फाटू नये म्हणून घातलेला मजबुतीचा स्क्रू आहे, कोणा हौशी माणसाची करामत नव्हे. पुढच्या भागावर तारेची घट्ट गुंडाळी असेल तर ती रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी तयार केलेली असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी फॉस्फेटच्या थरावर भट्टीत भाजलेला सनकोराइट नावाचा काळा रंग वापरला, आणि इशापूरच्या कित्येक रायफलींवरही काळा रंग आढळतो. तो खरवडून खाली ‘खरे’ ब्लूइंग शोधणारे लोक मूळ साजच नष्ट करतात. हेच इतर देशांच्या रायफलींना लागू आहे. सोव्हिएत सैन्याने काबीज केलेल्या जर्मन माउझर ९८के रायफली युद्धानंतर उघडून, पुन्हा जुळवून, लाकडावर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) थर देऊन साठवून ठेवल्या गेल्या. त्यांच्या बोल्टवरचे विद्युत लेखणीने कोरलेले अनुक्रमांक आणि लाकडावरची ती लालसर चमक आज त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. अमेरिकी गॅरंडवर मंद, राखाडी, किंचित खरखरीत फॉस्फेटचा थर असतो, ज्याला पार्करायझिंग म्हणतात. त्यावर चमकदार निळे ब्लूइंग चढवलेली गॅरंड पाहिली की मला मनापासून वाईट वाटते, कारण ती रायफल कधीही तशी दिसलेली नव्हती.

आता रायफल उघडण्याकडे वळू, कारण ली-एनफिल्डची सर्वांत मोठी हानी येथेच होते. दस्ता एका लांब बोल्टने (हा आटे असलेला जोडणीचा बोल्ट, चेंबर बंद करणारा नव्हे) बसवलेला असतो आणि त्या बोल्टचे डोके बटप्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या, झाकणातून आत, नमद्याच्या बोळ्याच्या मागे, दिसते. ते दिसताच लांब स्क्रूड्रायव्हर घालून ते फिरवण्याचा मोह होतो. शॉर्ट मॅगझिन नमुन्यात या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडात बसवलेल्या एका लहान पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक लाकडाच्या मागच्या भिंतीला आतून फाडते. आपण वर्णन केलेली चीर नेमक्या त्याच ठिकाणी आहे, त्यामुळे कोणीतरी पूर्वी हेच केले असण्याची शक्यता मला वाटते. म्हणून क्रम असा ठेवावा: मॅगझिन आणि चेंबरचा बोल्ट काढावा, नोजकॅप आणि मधला पट्टा सोडवावा, हँडगार्ड (नळीवरची लाकडी आवरणे) उचलावेत, आतल्या पट्ट्याचा स्प्रिंगसह असलेला स्क्रू काढावा, ट्रिगर गार्ड सोडवावा, आणि मग पुढचे लाकूड सरळ खाली, दोन्ही टोके समान ठेवून, अलगद ओढावे. त्यानंतरच दस्त्याच्या बोल्टला हात लावावा. पुढच्या लाकडात नोजकॅपजवळ नळीला वर दाबणारी एक छोटी खुंटी आणि स्प्रिंग असते, आणि ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक पोलादी कडे असते. या दोन्ही वस्तू सहज पडून हरवतात. कडे हरवलेल्या रायफलीत स्क्रू आवळला की लाकूड चेपत जाते, म्हणून त्यांची वेगळी डबी करावी.

स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेत पूर्ण रुंदीने आणि तळापर्यंत बसले पाहिजे, आणि त्याच्या बाजू समांतर असल्या पाहिजेत. घरगुती स्क्रूड्रायव्हरचे पाते पाचरीसारखे निमुळते असते, ते खाचेतून वर सरकते आणि शंभर वर्षे शाबूत राहिलेली खाच एका क्षणात चुरगळते. अडलेल्या स्क्रूला भेदक तेल द्यावे आणि एक-दोन दिवस थांबावे. या स्क्रूंचे आटे आजच्या प्रमाण आट्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे मोडलेल्या स्क्रूला बाजारात पर्याय सहज मिळत नाही.

लाकडाबाबत मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण हौशी संग्राहक सर्वाधिक नुकसान लाकडाचे करतात आणि त्याचे हत्यार असते पॉलिश पेपर. लष्करी रायफलीचे लाकूड लोखंडाच्या कडांपेक्षा किंचित वर उचललेले असते. कारखान्याने ते मुद्दाम तसे सोडलेले असते. पॉलिश पेपरने ते लोखंडाच्या पातळीखाली गेले की बटप्लेटची कड बाहेर डोकावू लागते, आणि हा दोष जाणकाराला लांबूनही दिसतो. शिवाय लाकडावर तपासनिसांचे शिक्के, तुकडीच्या खुणा आणि दुरुस्तीच्या पाचरी असतात. लाकडाचा काळा रंग हा सगळाच मळ नसतो. ब्रिटिश लष्करात लाकडाला कच्चे जवसाचे तेल देत असत आणि सैनिक सेवेच्या काळात ते पुन्हा पुन्हा चोळत असे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते तेल घट्ट होते आणि काळानुसार लालसर तपकिरी गडद होत जाते. या रंगाची नक्कल कोणत्याही डब्यातल्या रंगाने होत नाही.

म्हणून लाकूड घासायचे नाही, स्वच्छ करायचे आहे. चिकटपणा बहुधा साठवणुकीतल्या कॉस्मोलिन ग्रीसचा आणि त्यात बसलेल्या धुळीचा असतो. हे ग्रीस साधारण ४५ ते ५० अंश सेल्सियसला पातळ होते, त्यामुळे लाकूड काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवले की ते पृष्ठभागावर येते आणि सुती कापडाने टिपता येते. दर थोड्या वेळाने पिशवी उघडून टिपत राहावे आणि लाकूड जास्त तापू देऊ नये. उरलेला थर मिनरल टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापडाने पुसावा; खोली हवेशीर असावी आणि जवळ कोणतीही ज्योत नसावी. फार खोलवर यंत्रतेल मुरलेले असेल, तर खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा लेप त्या भागावर द्यावा. द्रव उडून जाताना तेल पुडीत ओढले जाते, आणि वाळलेली पूड मऊ ब्रशने झाडून हा लेप पुन्हा देता येतो. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करण्याचे फवारे वापरू नयेत. त्यांनी लाकडाचे तंतू कमकुवत होतात, अक्रोडाचा रंग मरतो आणि आत राहिलेला क्षार पुढे लोखंडाला गंज आणतो.

पोचे काढण्याचा वाफेचा उपाय प्रसिद्ध आहे: ओले कापड पोच्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू फुगून वर येतात. उपाय खरा आहे, परंतु त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. तंतू तुटले असतील, म्हणजे पोचा नसून खोक असेल, तर वाफेने काहीही होत नाही. आणि लाकडावरचा शिक्का हाही मुळात दाबून केलेला पोचाच आहे. त्याच्या जवळ वाफ गेली तर शिक्काही फुगून वर येतो आणि नाहीसा होतो. सैन्यातल्या वापराने पडलेले पोचे मी स्वतः राहू देतो आणि केवळ अलीकडच्या निष्काळजीपणाचे, लाकूड जेथे उघडे आणि फिके दिसते असे पोचे काढतो.

पुढच्या लाकडातली चीर मात्र दुर्लक्षित करू नये. शॉर्ट मॅगझिन नमुन्यात गोळीचा धक्का मुख्य अंगाकडून पुढच्या लाकडातल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. हे खांदे चेपले किंवा तेलाने भुसभुशीत झाले की लोखंड मागे सरकते आणि लाकूड फाटत जाते. चिरेच्या आतले तेल टर्पेंटाइन आणि नंतर ॲसिटोनने काढावे, मंद वाळणारे इपॉक्सी (कठीण होणारा गोंद) थोडे कोमट करून चिरेत उतरू द्यावे, आणि हलक्या दाबाने चोवीस तास बांधून ठेवावे. लोखंड जेथे टेकणार तेथे मेणाचा पातळ थर द्यावा, नाहीतर ते इपॉक्सीने कायमचे चिकटेल. खांदेच झिजले असतील तर त्या जागी कठीण लाकडाच्या ठिगळांची जोडणी करावी लागते. हे काम लष्करी कारागीरही करत असत, परंतु ते बारीक मापाचे आहे आणि अनुभवी माणसाकडे द्यावे.

शेवटी तेल. कच्चे जवसाचे तेल वाळायला दिवस, कधी आठवडे लागतात. बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळणाऱ्या तेलात वाळण्यास मदत करणारी धातुसंयुगे असतात आणि ते एक-दोन दिवसांत वाळते. ब्रिटिश रायफलीसाठी मी कच्चे तेल निवडतो. ते किंचित कोमट करून अत्यंत पातळ थर तळहाताने चोळावा, अर्ध्या तासाने उरलेले सगळे तेल कापडाने पुसून घ्यावे आणि पुढचा थर पूर्ण वाळल्यावरच द्यावा. पुसले नाही तर ते चिकट साय होऊन बसते. नळीची खोबण, बटप्लेटखालचे उघडे टोक आणि हँडगार्डची आतली बाजू यांनाही तेल द्यावे, कारण दमट हवा तेथूनच आत शिरते. पॉलियुरेथेन किंवा व्हार्निश कधीही लावू नये. आणि एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगतो: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात टाकल्या तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

लोखंडाकडे येऊ. ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे; तो लोहाच्याच काळ्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा, अतिशय पातळ थर असतो. तांबडा गंज हेही लोहाचेच ऑक्साइड आहे. यातून एक गोष्ट सरळ निष्पन्न होते: जे रसायन गंज विरघळवते ते बहुधा ब्लूइंगही विरघळवते. व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्ल किंवा बाजारातली गंज काढणारी द्रावणे यांत भाग बुडवला की तो राखाडी आणि नागडा होऊन बाहेर येतो. आम्लाने स्प्रिंगसारख्या कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचाही धोका असतो.

वरवरच्या गंजासाठी पातळ तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्य दर्जाचे स्टील वूल एवढे पुरते. तेल लावून काही तास ठेवावे, मग जवळजवळ दाब न देता लहान वर्तुळांत फिरवावे, तपकिरी झालेले तेल पुसावे आणि पुन्हा करावे. स्टील वूलऐवजी ब्रॉन्झ वूल घेतले तर आणखी चांगले, कारण त्याचे तुकडे मागे राहून गंजत नाहीत. शिक्क्यांवर आणि आकड्यांवर केवळ कापड वापरावे. जेथे गंज मखमलीसारखा पसरलेला पण उथळ आहे अशा सुट्या भागांसाठी उकळण्याची पद्धत मला सर्वांत आवडते. भाग पूर्ण तेलमुक्त करून ऊर्ध्वपातित पाण्यात साधारण अर्धा तास उकळला की तांबडे ऑक्साइड काळ्या ऑक्साइडमध्ये बदलते, आणि वर आलेली सैल काळी भुकटी मऊ ब्रशने झाडली की खाली स्थिर काळा थर राहतो. काही वेळा हे दोन-तीनदा करावे लागते. जुन्या काळी रस्ट ब्लूइंग याच तत्त्वावर केले जाई, म्हणून या थराचा रंग जुन्या साजाशी सहज मिसळतो. ज्या भागाला रंग लावलेला आहे तो मात्र उकळू नये.

ब्रशने किंवा बोळ्याने लावायचे कोल्ड ब्लू (न तापवता लावायचे ब्लूइंग) हे मी केवळ नखाएवढ्या उघड्या डागासाठी मान्य करतो. त्यात सेलेनियमची विषारी संयुगे असतात, थर लवकर झिजतो आणि मोठ्या भागावर त्याचा रंग डागाळ दिसतो. गरम क्षारांचे ब्लूइंग १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या कॉस्टिक द्रावणात होते. त्यात पाण्याचा थेंब चुकीच्या रीतीने पडला तरी ते उसळून अंगावर येते. ते घरी करण्याचे काम नाही, आणि पहिल्या महायुद्धातल्या रायफलीला तो साज शोभतही नाही. खोल खड्डे पडले असतील तर ते तसेच ठेवावेत. ते समतल करण्यासाठी घासाई केली की कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात आणि रायफल साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी दिसू लागते.

पितळी बटप्लेट चमकवू नये. हिरवा, मेणासारखा थर असेल तेवढा लाकडी काडीने काढावा आणि तपकिरी छटा राहू द्यावी. चामड्याचा पट्टा कोरडा पडून लाल भुकटी सोडत असेल तर तेल पाजून तो सुधारत नाही, उलट कुजतो.

नळीच्या आतला भाग वेगळा विचार मागतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळल्यावर उरणारे पोटॅशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता खेचून घेते. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी उकळते पाणी ओतावे, नळी पूर्ण कोरडी करावी आणि नंतरच तेल लावावे. रायफल झाडण्याचा विचार असेल, तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यासाठीचे अंतर), नळी आणि बोल्टचे हेड परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय तो करू नये. क्रमांक न जुळणारा बोल्ट असेल तर हे अधिकच आवश्यक आहे. अंगावर डीपी ही अक्षरे असतील तर ती रायफल कवायतीसाठी वेगळी काढलेली आहे आणि बऱ्याचदा मुद्दाम कमकुवत केलेली असते. ती कधीही झाडू नये.

जुळवणी झाल्यावर लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा. संग्रहालयांत वापरले जाणारे हे मेण तेलासारखे ओघळत नाही, लाकडात शिरत नाही आणि हवे तेव्हा टर्पेंटाइनने काढता येते. हाताळताना नायट्राइलचे मोजे घालावेत, कारण घामातले मीठ बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटवते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. याहून कोरड्या हवेत लाकूड आकसून चिरते आणि ६५ टक्क्यांच्या वर गंज वेग घेतो. फोम लावलेल्या पेटीत किंवा चामडी म्यानात रायफल कायम ठेवू नये, दोन्ही ओल धरून ठेवतात. पट्टा सोडवून वेगळा ठेवावा. आणि आपण काय काढले, काय लावले, कोणत्या तारखेला आणि कोणत्या द्रव्याने, याची नोंद छायाचित्रांसह लिहून ती रायफलीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी, म्हणजे पुढच्या मालकाला इपॉक्सीची ती चीर कारखान्याची आहे की आपली, हे शोधत बसावे लागणार नाही.